द्वारकेची सांज, तेजपूरची पहाट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात मागेपुढे झालेलं छापताना लावून घेतलं आहे.)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो 'प्रवासातले अनुभव' असा. पण खरं सांगायचं तर मी प्रवास असा केलाच नाही, मी बिऱ्हाडं केली. प्रवासाला आलेला माणूस गावातलं देऊळ पाहतो. बिऱ्हाड मांडणारी बाई दूध किती वाजता येतं आणि अंधार किती वाजता पडतो ते पाहते. म्हणून मी आज दोन गावांविषयी बोलणार आहे, आणि त्यांतल्या प्रेक्षणीय स्थळांपेक्षा तिथल्या वेळेविषयी जास्त बोलणार आहे. वेळ हा काय बोलण्याचा विषय आहे का, असं कुणाच्या मनात येईल. पण बाईच्या दिवसातले तिचे स्वतःचे तास किती आणि ते कुठे सापडतात, हा आपल्या सगळ्यांच्याच जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. तो या दोन गावांनी मला फार जवळून दाखवला.

आमचे यजमान सैन्याच्या बांधकाम खात्यात होते. 1986 ते 1990 आमचं बिऱ्हाड द्वारकेला होतं. त्यांचं काम ओख्याकडे. तिथून बदली झाली ती थेट आसामात तेजपूरला, आणि तिथे आम्ही 1995 पर्यंत राहिलो. एक गाव देशाच्या पश्चिम टोकाला, खाऱ्या वाऱ्यावर. दुसरं ब्रह्मपुत्रेच्या उत्तर काठावर, चहाच्या मळ्यांच्या वाटेवर. दोन्ही गावं तशी लहानच. आता ओख्याहून गुवाहाटीला आठवड्यातून एक गाडी जाते. तीत बसणारा माणूस देशाच्या एका कडेने चढतो आणि दुसऱ्या कडेपाशी उतरतो, पण वाटेत मनगटावरचं घड्याळ एक मिनिटही पुढेमागे करावं लागत नाही. सूर्य मात्र त्याच्या नकळत दीड तास सरकलेला असतो.

हा दीड तास कुठून आला ते थोडक्यात सांगते. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे एका अंशाला 4 मिनिटं लागतात. द्वारका साधारण 69 रेखांशावर आणि तेजपूर 93 च्या जरासं अलीकडे. मधलं अंतर 24 अंश, चोक शहाण्णव. तेवढी, म्हणजे सुमारे 95 मिनिटं, तेजपूरचा सूर्य द्वारकेच्या सूर्याच्या पुढे असतो. पण देशाचं घड्याळ एकच, आणि ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं. त्यामुळे द्वारकेचा सूर्य घड्याळाच्या 54 मिनिटं मागे चालतो, तेजपूरचा 41 मिनिटं पुढे. आपल्या साताऱ्याचाही सूर्य मागेच आहे बरं का, 34 मिनिटं. आपल्याला ते जाणवत नाही, कारण आपला जन्मच त्यात गेला.

हे एकच घड्याळसुद्धा फार जुनं नव्हे. ते 1906 साली सुरू झालं. कलकत्त्याने आपली वेगळी वेळ 1948 पर्यंत सोडली नाही, आणि मुंबईत 'मुंबई टाइम' 1955 पर्यंत चालू होता. तो या घड्याळाच्या 39 मिनिटं मागे. युद्धाच्या काळात, 1942 पासून 1945 पर्यंत, सरकारने सगळ्या देशाचं घड्याळ आणखी एक तास पुढे केलं होतं. ज्यांच्या घरी तेव्हाची माणसं होती त्यांनी 'जुना टाइम का नवा टाइम' हे शब्द ऐकले असतील. माझी आजी मुंबईच्या चाळीतल्या आठवणी सांगताना वेळ सांगितली की लगेच कुठला टाइम तेही सांगायची. मला लहानपणी वाटायचं, आजीचा हा एक चाळा आहे. तेजपूरला गेल्यावर कळलं की तो शहाणपणा होता.

आता आकडे सांगते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तेजपूरला सूर्य उगवतो 4.26 ला. द्वारकेला 6.11 ला. डिसेंबरात तेजपूरला सूर्य मावळतो साडेचारला, द्वारकेला सव्वासहाला. द्वारकेच्या जानेवारीत सकाळी साडेसात वाजले तरी सूर्य वर आलेला नसतो. आणि दोन्हीकडे कचेरी मात्र दहा ते पाच!

आधी द्वारका. गावाचा दिवस जगतमंदिराच्या दाराप्रमाणे चालतो. साडेसहाला मंगला आरती. दुपारी एकला देव झोपतात, पाचला उठतात, रात्री साडेनऊला पुन्हा दार लागतं. मग बाजारही तसाच. दुपारी एक ते पाच गावातून फिरलात तर कुत्रीसुद्धा सावलीत आडवी पडलेली. पहिल्या महिन्यात मला हा आळस वाटला. पण नंतर लक्षात आलं की घड्याळात एक वाजतो तेव्हाच तिथे सूर्य डोक्यावर येतो. लोक सूर्याप्रमाणे बाराला जेवून झोपतात. एक वाजतो तो घड्याळाच्या मनाने.

पण द्वारका खरी जागी होते ती पाचनंतर. जूनमध्ये सूर्य 7.41 ला मावळतो, उजेड आठपर्यंत रेंगाळतो. बायका ओट्यावरचं आवरून, नातवंडांना घेऊन, छप्पन पायऱ्या उतरून गोमतीच्या घाटावर यायच्या. कुणी भजनाला, कुणी नुसत्या वाऱ्याला. शिखरावरचा बावन गजी ध्वज फडफडत असायचा आणि त्याखाली आमच्या गप्पा. आमची शेजारीण मोटीबेन दिवसभर रोटले, ताक, पापड, सुनांची बाळंतपणं यांत बुडालेली असे. पण संध्याकाळी सहाला ती पदर सारखा करून बाहेर पडली की घरातल्या कुणाची तिला हाक मारायची छाती नव्हती. ती म्हणायची, दिवस घरचा आणि सांज माझी. गावाचा स्वभावही सांजेचा आहे. मोठ्याने बोलणारा, उशिरा जेवणारा, कुणालाही घाई नसलेला. पाणी तिथे दुर्मीळ, ओखामंडळाची जमीन खारी, पावसाची खात्री नाही; तरी माणसं मोकळी. मला वाटतं, ज्या गावाला रोज तीन तास लांब संध्याकाळ मिळते त्या गावाला दुःखं बोलून टाकायला वेळ मिळतो.

याची किंमत सकाळी द्यावी लागे, आणि ती मुलं देत. आमची धाकटी तेव्हा पहिलीत होती. शाळा साडेसातची. जानेवारीत सात वाजता काळोखात तिचा हात धरून निघायची मी, आणि पोरगी चालता चालता झोपायची. आदल्या रात्री नऊपर्यंत सगळी आळी जागी, तर ती तरी कशी झोपणार! अलीकडे या विषयावर मौलिक जगनानी या अभ्यासकाने कॉर्नेल विद्यापीठात केलेलं काम 2019 साली गाजलं. सूर्यास्त सरासरीने तासभर उशिरा असेल तर आपल्या देशातली मुलं सुमारे अर्धा तास कमी झोपतात, आणि गरिबांच्या घरात हा परिणाम अधिक दिसतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. कारण उघड आहे. मुलं सूर्याप्रमाणे झोपतात आणि शाळेच्या घंटेप्रमाणे उठतात. हे वाचलं तेव्हा मला द्वारकेचा तो काळोखातला रस्ता आठवला.

तेजपूरला आमची पहिली सकाळ मेमधली होती. डोळे उघडले तर खोलीत लख्ख ऊन. मी धडपडत उठले, सात तरी वाजले असतील म्हणून दुधाचं भांडं घेऊन बाहेर आले, तर समोरच्या अंगणात बाइदेउ फुलं तोडत होत्या आणि घड्याळात वाजले होते पाच. बाइदेउ म्हणजे आपल्याकडे ताई म्हणतो तसं. त्या तिथल्या एका शाळेत शिक्षिका होत्या आणि पुढची पाच वर्षं माझी सख्खी बहीण असल्यासारख्या वागल्या.

त्यांचा दिवस मी जवळून पाहिला, म्हणून सांगते. साडेचारला उठणं. अंगण झाडून, न्हाऊन, गोसाईंपुढे दिवा. मग त्या मागावर बसत. आसामात माग नाही असं घर तेव्हा विरळा. मुलीला विणता येतं का हे लग्न ठरवताना बघत. पाच ते सात असे दोन तास त्यांचा धोटा खटखट चाले. गामोसा, मेखला, कधी मुगा रेशमाची चादर. सातनंतर स्वयंपाक, नऊच्या आत भात, डाळ, आंबट माशाचं कालवण असं सगळं घर भरपेट जेवून बाहेर पडे. आकाशवाणीवर संस्कृत बातम्या लागत त्या सकाळी 6.55 ला, आठवतंय ना? द्वारकेला थंडीत त्या बातम्या आम्ही पांघरुणात ऐकायचो. तेजपूरला त्या लागेपर्यंत बाइदेउंचं वीतभर कापड विणून झालेलं असे. बातम्या त्याच, बोलणारा आवाज तोच, आणि ऐकणाऱ्या दोन बायकांचे दिवस असे वेगळे.

पण हीच बाई संध्याकाळी पाहावी. डिसेंबरात साडेचारला सूर्य बुडे. आसामी भाषेत संध्याकाळला 'गधूलि' म्हणतात. आपली गोधूलीच ती, पण आपल्या मनातली गोधूली सहासातची असते, त्यांची साडेचारची. पाचला मिट्ट काळोख. नामघरातला मोठा डबा वाजे, म्हणजे ढोल. बायका दिवा लावत आणि दारं ओढून घेत. कचेरीतून, इस्पितळातून, शाळेतून सुटणाऱ्या बायका पाचला बाहेर पडत त्या रात्रीतच. त्यातून आम्ही होतो त्या वर्षांत आसामात अशांतता होती. 1990 च्या नोव्हेंबरात तिथे राष्ट्रपती राजवट आली, लष्करी कारवाया सुरू झाल्या. पुरुष सायकलवर टॉर्च लावून येत. बाईला मात्र घरचे विचारत, आजच बाजार करायलाच हवा का? उद्या नाही का चालणार? उद्याही अंधार पाचलाच पडायचा असे!

म्हणून तेजपूरच्या बायकांचा स्वतःचा वेळ पहाटेला सरकलेला आहे. मोटीबेन सांजेला आपल्या मालकीची होती, बाइदेउ पहाटेला. मोटीबेनचा वेळ चारचौघींत जायचा, घाटावर, बोलण्यात. बाइदेउंचा एकटीचा, मागावर, मुक्याने. मला कित्येकदा वाटलं की या गावांचे स्वभावच असे घडले असतील. तेजपूरची माणसं हळू बोलतात, पाहुण्यापुढे तांबूल-पान ठेवून आधी थोडा वेळ गप्प बसतात, रात्री नऊला निजतात. अर्थात नदी, पाऊस, भाषा, इतिहास, सगळंच वेगळं. सगळं काही सूर्यावर ढकलता येणार नाही. पण अंधाराला बाहेर पडणारं गाव आणि अंधाराला दार लावणारं गाव यांत फरक पडणारच.

संक्रांतीच्या सुमारास हा फरक फार गमतीने दिसे. तीळ तिन्हीकडे आहेत: आपला तिळगूळ, गुजरातेत तीळ-गुळाची चिक्की, आसामात माघ बिहूचा तिलपिठा, तांदळाच्या पापुद्र्यात तीळ-गूळ भरून केलेली नळी. पण द्वारकेचा सण गच्चीवरचा, पतंगांचा, ऊन उतरेपर्यंतचा; तेव्हा तिथे सूर्य साडेसहाला मावळतो. तेजपूरचा सण पहाटेचा. आदल्या रात्री 'उरुका'चं जेवण, आणि थंडीत काकडत आंघोळ करून दिवस उजाडायच्या आधी 'मेजी' पेटवायची, लाकडांचा आणि बांबूंचा उंच रचलेला जाळ. मी द्वारकेला हळदीकुंकू ठेवायची ते संध्याकाळी सहाला, आणि बायका आठपर्यंत येत राहायच्या. तेजपूरला ते दुपारी दोनला ठेवलं. पावणेपाचला सूर्य मावळायचा, त्याच्या आत प्रत्येकीला घरी पोचायचं असे. वाण तेच, उखाणे मी एकटीनेच घेतले!

आता या दोन गावांना जोडणारी एक गोष्ट सांगते. ती आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे, पण गावं लक्षात ठेवून ऐकलेली नाही. बाणासुराची मुलगी उषा. तिला स्वप्नात एक तरुण दिसला. तिची सखी चित्रलेखा एकेकाचं चित्र काढत गेली आणि उषेने त्याला ओळखलं. तो कृष्णाचा नातू अनिरुद्ध, द्वारकेचा. चित्रलेखेने त्याला झोपेतच रातोरात उचलून शोणितपुराला आणलं. ते शोणितपूर म्हणजेच तेजपूर, असं तिथे मानतात. आसामीत 'तेज' म्हणजे रक्त. हरि-हरांचं युद्ध इथे झालं, त्या रक्ताचं हे नाव. आपल्याला तेज म्हणजे प्रकाश वाटतो. मलाही पहिले सहा महिने तेच वाटत होतं. बाणाने उषेला ठेवून भोवती आगीचं कडं केलं ती टेकडी, अग्निगड, नदीकाठी आहे, आणि गावातल्या बागेला चित्रलेखेचं नाव आहे. तेजपूरच्याच ज्योतिप्रसाद आगरवालांनी 1935 साली पहिला आसामी बोलपट काढला. त्यांचं 'शोणितकुँवरी' हे नाटक याच उषेचं. शोणितपूर आमचंच असं म्हणणारी गावं आणखीही आहेत, हिमालयात उखीमठ आहे. पण तेजपूरकरांसमोर ते म्हणू नये.

आणि तिकडे द्वारकेला? गुजरातीत उषेला 'ओखा' म्हणतात, आणि द्वारकेभोवतालच्या मुलखाचं नावच ओखामंडळ. प्रेमानंद कवीचं 'ओखाहरण' तिथे चैत्रात घरोघरी वाचतात. ओखा भीतीने मिठात लपली होती म्हणून चैत्रात मुली अळणी जेवतात. मोटीबेनच्या नातींनी तो नेम केला होता. बाहेर पाहावं तिकडे मिठागरांचे पांढरे ढीग आणि घरात पोरी अळणी खाताहेत! म्हणजे तेजपूरची मुलगी द्वारकेच्या घरात अजून नांदते आहे. उषा म्हणजे पहाट. पहाटेचं माहेर पूर्वेला आणि सासर पश्चिमेला. कथा रचणाराला रेखांश ठाऊक होते असं मी म्हणत नाही, पण सूर्य कुठे आधी दिसतो हे त्याला नक्की ठाऊक होतं. चित्रलेखेने अनिरुद्धाला नेलं तेव्हा वाटेत त्याची दीड तासाची झोप बुडाली असेल, हेही माझ्या मनात येऊन गेलं आहे.

असो. मुद्द्याकडे येते. तेजपूरच्या बाहेर चहाचे मळे लागतात, आणि तिथे वेगळंच घड्याळ चालतं. त्याला 'बागान टाइम' म्हणतात. ते आपल्या घड्याळाच्या एक तास पुढे. इंग्रज मळेवाल्यांनी ते सुरू केलं, कारण उजेड वाया घालवणं त्यांच्या हिशोबात बसत नव्हतं. ते मळ्यांतून अजून चालतं. 1951 च्या मळेकामगार कायद्यातही जिथे देशाची प्रमाणवेळ पाळत नाहीत अशा भागाची स्थानिक वेळ राज्य सरकारला ठरवता येईल, अशी सोय ठेवलेली होती. आमच्याकडे मळ्यातली एक बाई भाजी विकायला यायची. तिला परवा तीनला ये म्हटलं की ती विचारायची, कुठले तीन? माझ्या आजीचाच प्रश्न तो.

चहाची पानं खुडणाऱ्या बहुतेक बायकाच. त्यांना लवकर कामाला लावलं ते मळेवाल्याच्या फायद्यासाठी, यात शंका नाही. पण त्या उजेडी घरी परतत, हेही खरं. आणि शहरात शिकलेल्या, पगारी बायका काळोखात परतत. यातली गंमत बघा. 1948 च्या कारखाने कायद्यात बाईला सकाळी 6 ते संध्याकाळी 7 एवढ्याच वेळात कामावर ठेवावं असं होतं. मळ्यांच्या कायद्यातही तसंच कलम होतं. हेतू चांगला, बाईला रात्री बाहेर राहायला लागू नये. पण रात्र ठरवली घड्याळाने. डिसेंबरात तेजपूरला सातला रात्र होऊन अडीच तास झालेले असत, आणि कायद्याच्या दृष्टीने तो दिवसच! उलट जूनमध्ये साडेचारचं लख्ख ऊन ही कायद्याची रात्र. 2025 च्या नोव्हेंबरात नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत बाईची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था असेल तर रात्रपाळीही करता येते. ते चांगलंच झालं. पण व्यवस्था करणाराने आपल्या गावात अंधार किती वाजता पडतो ते आधी बघावं, एवढंच माझं म्हणणं.

ईशान्येला वेगळी वेळ द्या, ही मागणी जुनी आहे. 2014 च्या जानेवारीत आसामचे मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी आपलं राज्य बागान टाइमकडे जाईल असं जाहीर केलं होतं. ते अमलात आलं नाही. 2017 साली गुवाहाटी उच्च न्यायालयाने यासंबंधीचा अर्ज नाकारला. 2018 साली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने, जी देशाची प्रमाणवेळ सांभाळते, दोन वेळा ठेवता येतील असा प्रस्ताव मांडला. आसामच्या हद्दीजवळ 89 अंश 52 मिनिटांवर रेघ ओढायची आणि तिच्या पूर्वेला घड्याळ एक तास पुढे. रेघ तिथेच का, तर तिथे भूभाग चिंचोळा आहे, रेल्वेच्या फार थोड्या ठिकाणी वेळ बदलावी लागेल. 2019 साली सरकारने संसदेत सांगितलं की संरक्षणाच्या कारणांमुळे दोन वेळा करता येणार नाहीत.

तास पुढे केला तर काय होईल? तेजपूरला डिसेंबरात सूर्य साडेपाचला मावळेल आणि सकाळी सातला उगवेल. म्हणजे पाचला सुटलेली बाई उजेडी घरी पोचेल. याहून मोठं असं काही होणार नाही, पण हे लहान आहे का?

मी एकदा बाइदेउंना विचारलं, तुम्हांला वेगळं घड्याळ हवं का? मला वाटलं, त्या लगेच हो म्हणतील. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आधीच तिकडचे लोक आम्हांला विचारतात, तुम्ही भारतातल्याच का? घड्याळही वेगळं केलं तर काय म्हणतील?" मला उत्तर सुचलं नाही. तेजपूरकरांना ही भीती उगीच नाही. 1962 च्या नोव्हेंबरात चिनी सैन्य डोंगर उतरून खाली येतंय म्हणताना हे गाव रिकामं झालं होतं, कचेऱ्या ओस पडल्या होत्या. टाकून दिल्याची ती आठवण आम्ही गेलो तेव्हाही लोकांच्या बोलण्यात होती. अशा गावाला देशाच्या घड्याळाशी बांधलेलं राहावंसं वाटतं, आणि त्याच घड्याळाने त्याची संध्याकाळ खाऊन टाकलेली असते.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर मी घड्याळाला हात न लावता कामाच्या वेळा हलवीन. तेजपूरच्या शाळा-कचेऱ्या थंडीत आठ ते तीन. द्वारकेच्या लहान मुलांच्या शाळा जानेवारीत नऊनंतर. मळ्यांनी शंभरावर वर्षं जे केलं ते सरकारी कचेरीला का जमू नये? यजमान म्हणतात, तू समजतेस तितकं ते सोपं नाही, बँका आहेत, रेल्वे आहे, दिल्लीचे फोन आहेत. असतील. पण दिल्लीचा फोन घेणारी बाई घरी कशी जाते, हेही कुणीतरी हिशोबात धरलं पाहिजे. आसामात चंद्रप्रभा सइकियानी होऊन गेल्या. तेजपूरच्या मुलींच्या शाळेत त्यांनी काम केलं. 1925 साली साहित्यसभेच्या अधिवेशनात बायकांना चिकामागे बसवलं होतं, तेव्हा त्यांनी व्यासपीठावरून बायकांना बाहेर या म्हणून सांगितलं आणि बायका बाहेर आल्या. पुढच्याच वर्षी आसाम प्रादेशिक महिला समिती उभी राहिली. अशा बायकांच्या प्रांतात वेळेचा प्रश्न कधीतरी बायकाच हातात घेतील असं मला वाटतं.

दोन्ही शेजारणींशी माझं बोलणं अजून आहे. बाइदेउंचा फोन सकाळी पाचला येतो. त्यांचा चहा झालेला असतो आणि माग अजून चालू आहे. मोटीबेनचा येतो रात्री साडेदहाला, आत्ताच घाटावरून आले म्हणून. दोघींनाही मी काही बोलत नाही. यजमान मात्र म्हणतात की या दोघींमुळे आपल्या घरात रात्र उरली आहे ती मधले सहा तास.

अध्यक्षीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलेलं मला दिसलं. सूर्याच्या हिशोबाने साताऱ्यात माझी अजून 34 मिनिटं शिल्लक आहेत, पण सभागृहाच्या हिशोबाने ती नाहीत, आणि खाली कॉफी उकळते आहे.